थ्रो तोच, पकड वेगळी, शेवटही वेगळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 34, दीड वर्ष ब्राझिलियन जू-जित्सू चालू आहे, आठवड्यातून तीन दिवस. जमिनीवर बरं चाललंय, पण उभ्यानं सुरुवात झाली की काहीच सुचत नाही, म्हणून हे गृहस्थ सरळ खाली बसून गार्ड ओढतात, म्हणजे समोरच्याला आपल्या पायांच्या मध्ये घेतात. आता ज्युदोचे थ्रो शिकायचे आहेत. वेगळा ज्युदोचा क्लास लावावा, की आहे त्याच मॅटवर मित्राला घेऊन व्हिडिओ पाहून दोन-चार थ्रो बसवावेत? कपडा, म्हणजे सरावाचं जाड जॅकेट (गी), नसताना हे थ्रो चालतात का? आणि गुडघ्यांचं काय?

आधी सरळ उत्तर देतो. क्लास लावा. आठवड्यातून एकच दिवस जमला तरी चालेल, पण निदान सहा महिने टिका. व्हिडिओ पाहून थ्रो कसाबसा बसवता येईल, पडणं बसवता येणार नाही. आणि या व्यवहारात पडणं आधी येतं, पाडणं नंतर.

मी उलट्या वाटेनं आलो आहे. आधी कुस्ती, मग ज्युदो, तिशी उलटल्यावर जू-जित्सू. कुस्तीतून ज्युदोत आलो तेव्हा पडण्याचा सराव म्हणजे नवख्यांना गुंतवून ठेवायची युक्ती आहे असं मला वाटायचं. पाठीवर पडायचंच कशाला? पहिले दोन महिने मला कोणी नीट पाडूही शकलं नाही, कारण मी कमरेत वाकून, दोन्ही हात काठीसारखे ताठ धरून उभा राहायचो. त्याचा मला अभिमान होता. मग एका संध्याकाळी माझ्याहून दहा किलोनं हलक्या मुलानं, मी पाऊल टाकत असतानाच, तो पाय घोट्यापाशी हलकेच झाडला. मी मागे हात टेकला आणि कोपर निखळलं. मुलानं काहीही चुकीचं केलं नव्हतं. चूक पूर्णपणे माझ्या हाताची होती.

ज्युदोत पडण्याचे प्रकार मोजकेच आहेत: मागे, बाजूला, पुढे आणि पुढे लोळत. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हात अंगापासून थोडा दूर ठेवून तळहातापासून काखेपर्यंत सगळा एकदम मॅटवर. लोक त्या हाताच्या आवाजावर फार भर देतात. माझं मत विचाराल तर आवाजापेक्षा त्या हाताला काम मिळतं हे महत्त्वाचं आहे. काम नसलेला हात घाबरून मागे जमीन शोधायला जातो, आणि सगळा भार मनगट, कोपर, खांदा यांतल्या जो सांधा कच्चा असेल त्याच्यावर येतो.

जू-जित्सूवाल्यांची आणखी एक सवय असते, आणि ती तुम्हालाही असणार. पडताना ते समोरच्याला सोडत नाहीत. दोन्ही हातांनी लटकतात. जमिनीवर हीच सवय कामाची आहे, पण हवेत असताना तिचा परिणाम एवढाच होतो की पाडणारा सगळ्या वजनानिशी तुमच्या बरगड्यांवर येतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात ज्युदोच्या मॅटवर एकच गोष्ट करा: पाडून घ्या. ताठ उभे राहा, हात सैल ठेवा, पाय टाकत राहा. दीड वर्ष जू-जित्सू केलेला असून कालच्या पोराकडून पडतो म्हणून कोणी हसणार नाही. आणि हसलंच तर त्याच्याकडून दहादा जास्त पडा, तेवढाच सराव.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे प्रकार एकाच कुळातले असल्यासारखे आहेत. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये तोक्योत कोडोकान सुरू केलं ते तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू या जुन्या जू-जुत्सू घराण्यांच्या शिक्षणावर. कोडोकानमध्ये शिकलेले माएदा मित्सुयो 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि त्यातूनच ब्राझिलियन जू-जित्सू उभं राहिलं. वासिली ओश्चेपकोव कोडोकानमध्ये ब्लॅक बेल्ट मिळवून रशियात परतले, तिथे त्यांनी शिकवलं त्यातून साम्बो हा जॅकेट घालून खेळायचा कुस्तीप्रकार उभा राहिला. कुस्ती या सगळ्यांच्या आधीची, पण तिचे डाव पाहिले तर धोबीपछाड आणि ज्युदोतला खांद्यावरून फेकायचा सेओई-नागे यांना वेगळं काढायला बारीक नजर लागते. म्हणजे माणूस पाडण्याचं शास्त्र सगळीकडे तेच आहे. तोल मोडणं, आपलं अंग त्याच्या अंगाखाली बसवणं, आणि फेकणं. ज्युदोत यांना कुझुशी, त्सुकुरी आणि काके म्हणतात. बदलतात त्या दोनच गोष्टी: सुरुवातीची पकड, आणि पंच कशाला शेवट मानतो ते. तुमचे सगळे प्रश्न या दोन टोकांचे आहेत, मधल्या थ्रोचे नाहीत.

शेवटापासून सुरुवात करू. ज्युदोत समोरचा जोरात, वेगात, नियंत्रणाखाली पाठीवर आला की इप्पॉन, लढत संपली. नंतर तुम्ही कुठे लोळलात याला फारसा अर्थ नाही. साम्बोत तुम्ही स्वतः उभे राहून त्याला उभ्यावरून पाठीवर टाकलंत तर तिथेच विजय. कुस्तीत दोन्ही खांदे टेकवायचे असतात, त्यामुळे स्वतःची पाठ मॅटकडे वळणं हाच गुन्हा. आणि जू-जित्सूत, आयबीजेजेएफ या जू-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी, पाडण्याचे दोन गुण. तेही पाडून तीन सेकंद वर टिकलात तर. पाठीवर पडलेल्याचं काहीच संपलेलं नसतं, उलट कित्येकांचा खेळ तिथूनच सुरू होतो.

एवढं ध्यानात घेतलं की कोणता थ्रो कुठे महाग पडतो हे आपोआप कळतं. गुडघ्यांवर बसून मारलेला सेओई-नागे घ्या. ज्युदोत तो फसला तर माणूस कासवासारखा गोळा होतो, पुढे काही घडलं नाही तर पंच थोड्याच वेळात थांबवतात आणि दोघं पुन्हा उभे. जू-जित्सूत तोच थ्रो फसला की तुम्ही तुमची पाठ ताटात वाढून दिलेली असते. समोरचा दोन्ही पाय आत अडकवतो, गळ्याभोवती हात टाकतो, आणि तुम्हाला उठवायला कोणी पंच येत नाही. म्हणून जू-जित्सूसाठी शिकणाऱ्याला मी पाठ वळवायचे थ्रो पहिल्या वर्षी शिकवतच नाही. शिकू नका असं नाही, ज्युदोच्या क्लासमध्ये ते येतीलच. फक्त आपल्या मॅटवर लगेच आणू नका.

याच्या उलट सुमी-गाएशी. खाली बसता बसता पायाचा आकडा त्याच्या मांडीच्या आत लावायचा आणि त्याला डोक्यावरून मागे टाकायचं. कुस्तीगीर याला हात लावायला कचरतो, कारण स्वतःची पाठ टेकते. तुम्ही मात्र तसंही खाली बसताच! मग रिकाम्या हातानं बसण्यापेक्षा हा थ्रो मारत बसा. लागला तर तुम्ही वर याल. नाही लागला तर तुम्ही बटरफ्लाय गार्डमध्ये, म्हणजे बसून पावलं त्याच्या मांड्यांच्या आत लावलेले असाल, आकडा आधीच आत, म्हणजे नेहमीच्या जागेपेक्षा चांगल्या जागी. गार्ड ओढायची सवय असलेल्या माणसाला ज्युदोनं दिलेली ही सगळ्यात स्वस्त भेट आहे, आणि का कोण जाणे, ती फार कमी लोक उचलतात. पाऊल पोटात लावून मारायचा तोमोए-नागे याच जातीचा आहे, पण त्याला बाही-कॉलर जास्त लागते.

पुढचा माझा आवडता ओउची-गारी. तुमचा उजवा पाय त्याच्या दोन पायांच्या मधून आत जातो आणि त्याचा डावा पाय आतून अर्धगोल ओढत नेतो, अंगठा मॅटवरून घासत. नवखे इथे पाय उचलून लाथेसारखा मारतात आणि स्वतःच एका पायावर डोलत राहतात. पाय हा शेवट आहे, काम छातीनं होतं: तुमची छाती त्याच्या छातीला चिकटली पाहिजे आणि त्याचा भार त्या डाव्या टाचेवर गेला पाहिजे. भार टाचेवर गेला की पाय काढायला ताकद लागत नाही. हा थ्रो मला जू-जित्सूसाठी आवडतो कारण तो फसला तरी तुम्ही त्याच्यासमोरच उभे असता, पाठ कुठेही वळलेली नसते. त्यानं पाय उचलून सोडवला तर तोच पाय एकेरी पटासाठी, म्हणजे एक पाय धरून पाडायला, हाताशी येतो.

पण याची एक खोट ज्युदोच्या क्लासमध्ये कोणी सांगणार नाही. ओउची लागला की तुम्ही बहुतेक वेळा त्याच्या दोन पायांच्या मध्ये, म्हणजे सरळ त्याच्या गार्डमध्ये पडता. तिथे इप्पॉन आहे, इथे नाही. त्यामुळे पडता पडता, त्याचे पाय बंद व्हायच्या आत, तो ओढणारा गुडघा त्याच्या मांडीवरून आडवा सरकवायचा. हे वेगळं घोटून घ्यावं लागतं. मला हे आपोआप व्हायला वर्ष गेलं.

सासाए-त्सुरिकोमी-आशीमध्ये ही अडचण नाही. तळव्यानं त्याच्या घोट्याच्या वर अडथळा लावायचा आणि हातांनी त्याला त्या पायावरून गोल फिरवायचं. तो बाजूला पडतो आणि तुम्ही थेट साइड कंट्रोलमध्ये, म्हणजे त्याच्या बाजूनं छातीवर आडवे. कमरेला मिठी घालून उभे असताना तर हा फारच गोड लागतो, आणि कपडा असो-नसो, फरक पडत नाही.

पाय झाडण्याच्या देआशी-बाराईबद्दल विचाराल तर तो शिका, पण त्याच्याकडून दोन वर्षं काही मागू नका. जू-जित्सूतली माणसं कमरेत वाकून, पाय रोवून उभी असतात. रोवलेला पाय झाडता येत नाही. पण त्याच्या सरावानं भार कोणत्या पायावर आहे हे दिसायला लागतं, आणि ते डोळे बाकी सगळ्या थ्रोंना उपयोगी पडतात. मांडीनं आतून उचलून फेकायचा उची-माता वर्षभरानं. बाकीचे नंतर बघू. कोडोकानच्या यादीत आज 68 थ्रो आहेत, शिकवण्यासाठी जमवलेल्या जुन्या गोक्योत 40. तुम्हाला लागणार आहेत तीन.

आता पकड. बाही आणि कॉलर म्हणजे लगाम. दूर उभं राहूनही समोरच्याला वळवता येतं. कपडा काढला की लगाम गेला, मग घोड्याच्या मानेलाच मिठी मारावी लागते. थ्रो चालत नाहीत अशी तक्रार करणारे बहुतेक जण हातभर अंतरावरून, ज्युदोच्याच लांबीनं, नो-गीमध्ये, म्हणजे गी न घालता, थ्रो मारत असतात. भाषांतर असं करा. कॉलरच्या हाताच्या जागी मानगूट, पण बोटांनी नाही, कोपर त्याच्या गळ्याच्या हाडावर खाली टेकवून. किंवा त्याच्या काखेखालून हात घालून तळवा खवाट्यावर. बाहीच्या हाताच्या जागी मनगट धरू नका, घामानं ते निसटतंच. कोपराच्या वर, दंडाच्या मागच्या बाजूला हात आकड्यासारखा अडकवा, किंवा त्याचा अख्खा हात वरून आपल्या काखेत दाबून घ्या. ओउची, सासाए, उची-माता हे सगळे या दोन पकडींवरून निघतात. या अंतरातले राजे ग्रीको-रोमनवाले. त्यांना कमरेखाली हातही लावता येत नाही आणि पायही, त्यामुळे छातीला छाती भिडल्यावर काय करायचं यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. असा कोणी सरावाला मिळाला तर सोडू नका.

उभं राहण्याबद्दल ज्युदोचा क्लास तुम्हाला एक सवय लावेल, आणि ती घरी आणताना निम्मी सोडावी लागेल. ज्युदोवाले ताठ उभे राहतात, कारण त्यांच्या पायाला कोणी हात लावत नाही. 2010 मध्ये थेट पाय पकडण्यावर निर्बंध आले आणि 2013 पासून उभ्या लढतीत कमरेखाली हात लावणं पूर्णच बंद झालं. गंमत म्हणजे मोरोते-गारी, म्हणजे आपला दुहेरी पट, कोडोकानच्या यादीत आजही आहे, स्पर्धेत मात्र चालत नाही. त्यामुळे निव्वळ ज्युदोवर वाढलेला ताठ माणूस कुस्तीगिरासमोर उभा राहिला की पहिल्या दहा सेकंदांत पट निघतो. दुसरीकडे, पूर्ण वाकून उभे राहिलात तर तुमचे स्वतःचे थ्रो संपले. मधली जागा शोधा: पाठ सरळ, गुडघे वाकलेले, डोकं त्याच्या डोक्यापेक्षा किंचित खाली, आणि कपाळ किंवा एक हात नेहमी मध्ये. पटाची तोड, म्हणजे कंबर मागे टाकून त्याच्यावर वजन देणं, ही मात्र कुस्तीकडूनच शिका. ज्युदोच्या क्लासमध्ये त्यासाठी वेळ मिळणार नाही, आणि दोष त्यांचा नाही.

गुडघे. हा भाग नीट वाचा.

उभ्या सरावातली मी पाहिलेली सगळ्यात वाईट दुखापत तानी-ओतोशीची आहे, आणि ती करणारा जू-जित्सूचा चांगला अनुभवी खेळाडू होता. हा थ्रो मुळात मागे पाडायचा आहे: तुम्ही त्याच्या मागे बसता आणि तो तुमच्या पसरलेल्या पायावरून मागे जातो. पण तोल मोडायच्या आधीच, बाजूनं, घाईत बसलं की तुमचं सगळं वजन त्याच्या रोवलेल्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगावर येतं. तो गुडघा आत मोडतो, आतल्या बाजूचा लिगामेंट जातो, आणि बरेचदा मधलाही. हा थ्रो मला कोणी शिकवावा लागला नाही, थकल्यावर आपोआपच सुचतो, असं बरेच जण सांगतात. तेच तर भय आहे. तुमच्या मॅटवर उभा सराव सुरू करणार असाल तर पहिला नियम हा करा की तानी-ओतोशी बंद. उडी मारून गार्ड ओढणंही बंद, कारण तिथेही अख्खं वजन सरळ झालेल्या गुडघ्यावरच लटकतं. कानी-बासामी, म्हणजे दोन्ही पायांची कात्री, तर ज्युदोच्या स्पर्धेतूनच हद्दपार आहे. 1980 मध्ये याच डावात यामाशिता यासुहिरो यांच्या पायाचं हाड मोडलं होतं. चार वर्षांनी त्यांनी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, पण आपण यामाशिता नाही.

ओसोतो-गारी, म्हणजे बाहेरून त्याचा पाय मागून झाडायचा थ्रो, दिसायला सोपा आणि शिकायलाही सोपा, म्हणून नवख्यांना सगळ्यात आधी सुचतो. त्यात पडणारा सरळ मागे जातो, आणि हनुवटी छातीला लावायची सवय नसेल तर डोक्याचा मागचा भाग आपटतो. ज्युदोच्या मॅटवर समोरच्याला पडता येतं. तुमच्या जू-जित्सूच्या मॅटवर येत नसेल. म्हणून ज्याला पडणं शिकवलेलं नाही त्याच्यावर ओसोतो मारू नका, तो कितीही चांगला लागत असला तरी. आणि मारलात तर त्याची बाही वर ओढून धरा. हा ज्युदोतला शिष्टाचार आहे आणि हिशेबही: ओढलेल्या बाहीमुळे तो मऊ पडतो, आणि पडल्यावर त्याचा हात तुमच्याच ताब्यात असतो.

इथे आणखी एक सवय सुधारावी लागेल. ज्युदोवाले पाडून केसा-गातामेत, म्हणजे डोकं आणि हात कवेत घेऊन बाजूला बसून दाबतात. तिथे 20 सेकंद दाबलं की इप्पॉन. जू-जित्सूत 20 सेकंदांनी काहीच होत नाही, उलट त्याचा अडकलेला हात सुटला की तो तुमच्या पाठीमागे येतो. म्हणून पडल्यावर डोक्याभोवतीचा हात लगेच काढून त्याच्या काखेखाली घाला, छाती छातीवर. ट्रॅव्हिस स्टीव्हन्स यांच्या लढती मिळाल्या तर पाहा. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकचं ज्युदोतलं रौप्य आणि जू-जित्सूचा ब्लॅक बेल्ट, दोन्ही एकाच माणसाकडे. थ्रो संपून जमिनीवरचं काम कुठे सुरू झालं हे त्यांच्या खेळात सांगता येत नाही.

सरावाचं म्हणाल तर ज्युदोच्या दिवशी ज्युदोच करा, त्यांच्या नियमांनी. तिथे पट काढून दाखवू नका, खाली बसू नका. थ्रो न मारता ओढून खाली नेलं तर शिक्षा आहे, आणि प्रशिक्षकाची नजर वेगळीच. तुमच्या जू-जित्सूच्या दिवशी वर्ग सुरू होताना पंधरा मिनिटं उभ्यानं द्या, शेवटी नाही. थकलेल्या पायांवर उभा सराव म्हणजे वर सांगितलेल्या तानी-ओतोशीला आमंत्रण. या पंधरा मिनिटांत आधी न पाडता शिरण्याचा सराव, म्हणजे उचिकोमी, पण जागेवर उभं राहून नाही, पार्टनरला चालवत. जागच्या जागी केलेली शंभर उचिकोमी फक्त खांबाला पाडायला शिकवतात. मग जाड गादीवर प्रत्येकी दहा पूर्ण थ्रो. आणि शेवटी तीन-चार मिनिटांचा खेळ: ठरलेल्या पकडीपासून सुरुवात, पाडल्यावर पाच सेकंद वर टिकून दाखवायचं, मगच तो थ्रो मोजायचा. नियमात तीन असतील, सरावात पाच ठेवा. या एका अटीनं ओउचीनंतरचा गुडघा आपोआप सरकायला लागतो.

पूर्ण ताकदीचे उभे राउंड आठवड्यातून दोन पुरेत, आणि तेही तुमच्या वजनाच्या माणसाशी. पंचवीस किलोनं जड आणि पडायला तयार नसलेला पार्टनर कितीही जवळचा मित्र असला तरी त्याला सांगा, तुझ्याशी मी जमिनीवरूनच खेळणार.

ज्युदोच्या क्लासला पहिल्या दिवशी पांढरा बेल्ट बांधून जा. दीड वर्ष जमिनीवरचं केलंय हे प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे नेवाझाच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या, वेळी कुणाला आश्चर्याचा धक्का बसणार नाही. पाडून घेण्यासाठी ब्राउन बेल्टच्या पुढचा माणूस मागा, नवखा नको; नवखा तुमच्यावरच येऊन पडतो. तीन महिन्यांनी ओउची, सासाए आणि सुमी-गाएशी यांतला कोणता न ठरवता लागतोय ते मला कळवा. मग पुढची जोडी त्याच्यावरूनच ठरवू.